पावसाळ्यात टेंटमधली रात्रीची दमट हवा कशी आटोक्यात ठेवायची

बेळगावात मृगाचा पाऊस लागला की गच्चीवरच्या ढबू मिरचीची फुलं टिकत नाहीत. म्हणून मी मागच्या खोलीत ४ बाय ४ फुटांचा टेंट (दिव्याखाली झाडं वाढवायचा बंद कापडी तंबू) लावून त्यात ढबू आणि टोमॅटो घेते. लाइट चालू असताना आतला आर्द्रतेचा मीटर ६५ टक्के दाखवतो, बंद झाला की तासाभरात नव्वदीला टेकतो. आपल्या भागात घरात टेंट लावणाऱ्यांची ही पहिली तक्रार असते, आणि बहुतेक जण थेट हवा सुकवायचं मशीन (डीह्युमिडिफायर) घ्यायला धावतात. मशीन शेवटी. आधी तापमान बघा.

२६ अंशाला एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम वाफ मावते, २० अंशाला जेमतेम १७. म्हणजे ६५ टक्क्यांची हवा काही न घालता नुसती २० अंशांपर्यंत गार झाली, तरी नव्वदीच्या पुढं जाते. १८ अंशाला पानांवर दवच धरतं. ही घसरण थांबवली की निम्मं काम झालं.

त्यासाठी लाइट रात्री लावा. माझा टायमर संध्याकाळी ७ ला चालू, सकाळी ९ ला बंद. गारठ्याच्या वेळी दिव्याची ऊब मिळते, आणि टेंटची ‘रात्र’ दिवसा येते, जेव्हा खोली मुळातच उबदार असते. ढबू आणि टोमॅटोला दिवस-रात्रीच्या अशा अदलाबदलीनं काही होत नाही, फक्त चेन नीट लावून बाहेरचा उजेड आत येऊ देऊ नका. झोपायच्या खोलीत टेंट असेल आणि हे जमत नसेल, तर लाइट एकदम बंद न करता डिमरनं अर्ध्या तासात हळूहळू उतरवा.

पाणी लाइट लागल्या लागल्या घाला, बंद व्हायच्या तोंडावर नको. झाड प्यालेलं जवळजवळ सगळं पाणी पानांतून हवेत सोडतं. ३ लिटर घातलं तर आज ना उद्या तेवढंच तुमच्या खोलीत येणार. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं तेव्हाच ओतून टाका. आणि कृपा करून त्या खोलीत कपडे वाळत घालू नका. श्रावणात घरोघरी दोऱ्या आतच बांधलेल्या असतात, मला माहीत आहे, पण एक बादली धुणं म्हणजे लिटर-दोन लिटर पाणी हवेत. दोरी दुसऱ्या खोलीत न्या.

एक्झॉस्टबद्दल, म्हणजे टेंटमधली हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याबद्दल, सगळ्यात जास्त घोळ होतो. दिवाळीनंतर आपल्याकडं रात्री बाहेरची हवा गार आणि कोरडी असते. तेव्हा डक्ट (त्या पंख्याची हवेची नळी) खिडकीबाहेर काढा, पंखा रात्रभर चालू ठेवा, दुसरं काही लागत नाही. जुलैत मात्र बाहेरचीच हवा पाण्यानं भरलेली. जांबोटी-खानापूरकडं तर विचारूच नका. जितकी हवा बाहेर फेकाल तितकी ओली आत ओढाल. म्हणून पावसाळ्यात खिडकी बंद, डक्टचं तोंड खोलीतच, आणि डीह्युमिडिफायर टेंटमध्ये न ठेवता खोलीत. तो खोलीची हवा सुकवतो, टेंट तीच ओढतो. मी ५५ टक्क्यांवर लावते.

मशीन कॉम्प्रेसरचंच घ्या. तळहाताएवढी स्वस्त यंत्रं दिवसाला पाव-अर्धा लिटर काढतात, त्यानं टेंटला काही फरक पडत नाही. खोक्यावरचा ‘१२ लिटर’ हा आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्क्यांवर मोजलेला असतो. आपल्या २२ अंशांत त्याहून बरंच कमी निघतं, तेव्हा एक माप मोठंच बघा.

मीटर खरं सांगतो का, हेही तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घाला, मीटरसोबत झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. ८० दाखवला, तर त्या आकड्यांच्या आसपास ५ वजा करून वाचा. मीटर झाडाच्या शेंड्याच्या उंचीला टांगा, लाइटखाली उघडा नको.

आतला छोटा पंखा अंधारातही चालू हवा, पानांवर सरळ न मारता झाडांच्या खाली-वरून हवा फिरेल असा. तेवढा एक इन्व्हर्टरवर घ्या. वीज गेली की टेंटची खालची झडप उघडी टाका.

लाइट लागायच्या आधी बॅटरी घेऊन एकदा आत बघाच. पानांच्या कडेला ओळीनं थेंब दिसले, तर मुळं पाणी ढकलताहेत आणि हवा ते घेत नाहीये. दुसऱ्या दिवशी पाणी कमी करा. ढबूच्या कोवळ्या फळाला सुकलेली पाकळी चिकटून राहते, तिच्याखाली ओल धरते आणि राखाडी बुरशी तिथूनच सुरू होते. ती पाकळी बोटानं हळूच ओढून काढा आणि टेंटबाहेर टाका, कुंडीत नको.