सी ड्राइव्ह फॉरमॅट करताना 'एमबीआर पार्टिशन टेबल'चा एरर : माझा अनुभव

विंडोज १० नव्याने टाकायचं होतं. पेनड्राइव्हवरून सेटअप सुरू झाला, पण सी ड्राइव्ह निवडला की एकच संदेश: डिस्कवर एमबीआर टेबल (डिस्कच्या भागांची, म्हणजे पार्टिशन्सची, नोंद ठेवायची जुनी पद्धत) आहे, ईएफआय (नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या) सिस्टिमवर विंडोज फक्त जीपीटी (नोंदीची नवी पद्धत) डिस्कवरच बसतं.

पेनड्राइव्ह दोनदा नव्याने बनवला, पोर्ट बदलला. उपयोग शून्य, रविवार गेला. डिस्कपार्टमधली (विंडोजचं डिस्कची विभागणी करायचं टूल) 'क्लीन' कमांड एकाने सुचवली होती. ती कृपया देऊ नका. ती सगळीच पार्टिशन्स उडवते आणि माझ्या डी ड्राइव्हवर घरचे सगळे फोटो होते.

चाललं ते असं. आधी डीचा बॅकअप घेतला. सी फॉरमॅट न करता सेटअपच्या पहिल्याच स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ१० दाबलं. काळ्या खिडकीत (इंग्रजी अक्षरांतच) टाइप केलं:

एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /डिस्क:०

तपासणी यशस्वी झाल्यावर:

एमबीआर२जीपीटी /कन्व्हर्ट /डिस्क:०

क्रम महत्त्वाचा आहे. एमबीआर२जीपीटी हे डिस्क न पुसता एमबीआरचं जीपीटी करणारं टूल जुन्या विंडोजची बूट माहिती (ते कुठून सुरू होतं याची नोंद) वाचतं, म्हणून सी आधी पुसला तर तपासणीच फसते. प्रायमरी पार्टिशन्स तीनपेक्षा जास्त नकोत, लॉजिकल (एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत केलेलं) एकही नको. कमांडमधला ० हा डिस्कचा क्रमांक; दोन डिस्क असतील तर त्याच काळ्या खिडकीतून डिस्कपार्टमध्ये 'लिस्ट डिस्क' देऊन क्रमांक नक्की करा.

मग रीस्टार्ट, बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होऊ देणारी सेटिंग) बंद, पेनड्राइव्ह यूईएफआय (म्हणजे वरचं ईएफआयच) मोडमध्ये सुरू केला. कस्टम इन्स्टॉल निवडून, आकारावरून सी ओळखून फक्त तोच फॉरमॅट केला आणि नेक्स्ट. नवं छोटं सिस्टिम पार्टिशन दिसतं, त्याला हात लावू नका. विंडोज बसलं, डीवरचे फोटो जसेच्या तसे.