नळी नको, भिंत बघ: कॅरोटिडचा एमआरआय वाचायला शिकताना

रेडिओलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी कॅरोटिडच्या, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीच्या, एका रिपोर्टमध्ये मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं, 'कॅरोटिडमध्ये लक्षणीय अरुंदपणा नाही.' रुग्णाला पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेलेला. टाइम ऑफ फ्लाइट अँजिओवर, म्हणजे वाहतं रक्त पांढरं दाखवणाऱ्या एमआरआयवर, धमनी छान पांढरी आणि रुंद दिसत होती. मॅडमनी शेजारी ब्लॅक ब्लड टी१ (वाहतं रक्त काळं दाखवणारा) लावला आणि विचारलं, "हे पांढरं वाहतंय, की बसलंय?"

बसलंच होतं. प्लाकच्या, म्हणजे धमनीच्या भिंतीत साठलेल्या थराच्या, आत रक्तस्राव झाला की त्यातलं मेथहीमोग्लोबिन (हिमोग्लोबिनचं बदललेलं रूप) टी१वर चमकतं. टाइम ऑफ फ्लाइटही टी१च्याच जातीचा, त्यामुळे तिथेही ते चमकतं. वाहतं रक्त पांढरं आणि साकळलेलंही पांढरं, फक्त एखादी छटा मंद. मी दोन्ही मिळून एकच धमनी समजले होते.

ही चूक आधी सांगितली, कारण आपल्या सगळ्यांची नजर टक्क्यांवर पोसलेली असते. १९९१ मध्ये नॅसेट या रुग्णांवरच्या संशोधन-चाचणीने दाखवलं की लक्षणं असलेल्या रुग्णांत ७० ते ९९ टक्के अरुंदपणा असेल तर प्लाक काढायच्या शस्त्रक्रियेचा मोठा फायदा होतो. तेव्हापासून पहिला प्रश्न असतो तो 'किती टक्के?' आकडा हवाच. पण प्लाक बाहेरच्या बाजूलाही वाढतो. नळी मोकळी राहते आणि भिंत आतून सडत असते. एमआरआय लावायचा तो या भिंतीसाठी.

वाचताना मी रक्तस्रावापासून सुरुवात करते, कारण तो सगळ्यात सोपा. एमपीरेज या टी१ जातीच्या सिक्वेन्सवर (सिक्वेन्स म्हणजे प्रतिमा घ्यायची पद्धत) प्लाकची चमक शेजारच्या एससीएम या मानेच्या स्नायूच्या दीडपटीहून जास्त आहे का, ते बघा. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. कॉइलजवळचा (मानेला बांधायच्या, सिग्नल टिपणाऱ्या उपकरणाजवळचा) भाग तसाही उजळ येतो. मग चरबीचा गाभा: टी२ सिक्वेन्सवर मंद, आणि कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं, प्रतिमेत उजळणारं द्रव्य) दिल्यावरही तो कॉन्ट्रास्ट घेत नाही. त्याच्यावरचं तंतुमय आवरण मात्र घेतं, म्हणून गाभा आणि नळी यांच्यामध्ये एक उजळ रेघ दिसते. ती अखंड आहे की तुटक, एवढंच लिहा. पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असताना आवरणाची जाडी दशांशात लिहिणारे रिपोर्ट मला पटत नाहीत.

कॅल्शियम सगळ्याच सिक्वेन्सवर काळं. ब्लॅक ब्लडवर रक्तही काळं, त्यामुळे नळीला लागून असलेलं कॅल्शियम तिथे चक्क नळीत मिसळून जातं. तिथे मात्र टाइम ऑफ फ्लाइटच कामी येतो. फसवतात सगळेच, पण वेगवेगळ्या जागी. म्हणून सगळे सिक्वेन्स एकाच पातळीवर जुळवून शेजारी शेजारी लावल्याशिवाय मी आता एक शब्द लिहीत नाही. अल्सर, म्हणजे प्लाकवरचा खड्डा, शोधायचा तर कॉन्ट्रास्ट अँजिओ बघा. खड्ड्यात रक्त घुटमळतं आणि टाइम ऑफ फ्लाइटला ते दिसतच नाही असं होतं.

एक आठवडा तरी कन्सोलवर टेक्निशियनशेजारी बसा. पुस्तकात न मिळालेलं बरंच मला तिथे मिळालं. रुग्णाने गिळलं की भिंतीची दुहेरी सावली येते. "आवाज चालू असेपर्यंत गिळू नका, थांबला की गिळा," हे आधी समजावून सांगितलं तर निम्मे स्कॅन वाचतात. कॅरोटिड दुभंगते ती पातळी प्रत्येकाची वेगळी, म्हणून कॉइल अंदाजाने बांधून चालत नाही. आणि बल्बमध्ये, म्हणजे दुभंगाजवळच्या फुगीर भागात, रक्त भोवऱ्यासारखं फिरतं, पूर्ण काळं होत नाही, मग भिंत उगाच जाड वाटते. अशी जाडी एकाच सिक्वेन्सवर असेल तर मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही. गॅडोलिनियम (कॉन्ट्रास्ट) देण्याआधी मूत्रपिंडाचा रिपोर्ट बघायचा, हे वेगळं सांगायला नको.

रुग्ण तरुण असेल, बल्ब स्वच्छ असेल आणि त्याच्या बरंच वर चंद्रकोरीसारखी चमक दिसली, तर प्लाक म्हणण्याआधी थांबा. ते डिसेक्शन, म्हणजे भिंतीचे थर फाटून आत रक्त शिरणं, असू शकतं.

काढलेला प्लाक बघायची संधी मिळाली की पॅथॉलॉजीत जा. जाताना एमआरआयच्या प्रत्येक कापाचं दुभंगापासूनचं अंतर लिहून न्या आणि वरच्या टोकाला टाका घालून ठेवायला सर्जनना आधीच सांगा. मी पहिल्यांदा तशीच गेले होते. ट्रेमध्ये पिवळट, मध्येच काळपट लाल तुकडा होता, आणि त्याची वरची बाजू कोणती हेच मला आणि तिथल्या पॅथॉलॉजिस्टला ठरवता येईना.