पंखा थांबलेला, तरी स्मोकरचं तापमान चढतंच: माझा अनुभव

लक्षण असं: कोळशाच्या स्मोकरला (धुरावर मंद आचेत मांस शिजवायची भट्टी) कंट्रोलरचा, म्हणजे तापमान बघून हवा फुंकणाऱ्या यंत्राचा, पंखा जोडलाय, तापमान २२५ अंश फॅरनहाइटवर (साधारण १०७ सेल्सिअस) लावलंय, पण वायरलेस थर्मामीटर २८० दाखवतो. पंखा तर केव्हाच थांबलेला. आत ब्रिस्केट (बीफचा छातीकडचा तुकडा) आणि रात्रभर फोनवर अलार्म, नुसता वैताग!

प्रोब (तापमान मोजणारी सळई) बदलून पाहिला, पंख्याचा वेग कमी केला. फरक शून्य.

मुळात पंखा हवा फक्त आत ढकलतो, निखारे विझवणं त्याच्या हातात नाही. हवा दुसरीकडून शिरली की कंट्रोलर हतबल.

आधी खालच्या सगळ्या झडपा बंद केल्या, फक्त पंख्याची वाट मोकळी. झाकणाच्या कडेतून धूर निसटत होता, तिथे उष्णता सोसणारी फेल्टची पट्टी चिकटवली. मग कोळसा भरपूर भरला, पण मधोमध पेटते तुकडे मोजकेच ठेवले. वरची झडप जेमतेम पाव उघडी. ती पूर्ण मिटू नका, धूर कोंडून मांस कडवट होतं. भट्टीचा प्रोब जाळीवर, मांसापासून दोन इंच लांब लावला. थंड मांसाला टेकला तर तो कमी आकडा दाखवतो आणि पंखा फुंकतच राहतो. २०० अंशांपर्यंत आच आपोआप चढू दिली, नंतरच पंखा सुरू केला.

आता काटा २२५च्या आसपासच राहतो. झाकण उघडण्याआधी मात्र पंखा बंद करायचा.