स्मॅश मारून बाहेर आलेला खवाटा पाण्यात कसा सावरावा

व्हॉलीबॉलमधला स्मॅशर, भालाफेकपटू, वेगवान गोलंदाज, यांचा खवाटा, म्हणजे खांद्याचं पातं, बरगड्यांवरून सुटतं. शर्ट काढून दोन्ही हात वर न्या आणि सावकाश खाली आणा. बिघाड खाली येताना जास्त दिसतो. हाताला मुंग्या येत असतील किंवा खांदा निखळला असेल, तर आधी हाडांचा डॉक्टर.

जागा फरशीच्या तळाच्या तलावातच हवी. विहीर किंवा तापी-गिरणेचा डोह चालणार नाही, पाय घट्ट टेकलेच पाहिजेत. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पहाटेची वेळ धरा. धुळ्याच्या थंडीत उघड्या तलावात उतरू नका. कुडकुडताना खांदे आपोआप कानाकडे चढतात, आणि आपल्याला तेच मोडायचं आहे.

पाच मिनिटं पाण्यात चाला.

आता खरी मेख. एक पाय पुढे टाका, गुडघे वाकवा, पाणी मानेच्या बुडाशी येऊ द्या. कोपर सरळ, अंगठा वर. हात अगदी बाजूने नाही, साधारण ३० अंश पुढून, मांडीपासून पृष्ठभागाच्या जरा खालपर्यंत तीन सेकंदांत न्या. पाणीच हात उचलतं, तुम्ही फक्त दिशा द्या. हात बाहेर काढलात की त्याचं सगळं वजन दुखऱ्या खांद्यावर येतं. जोडीदाराला मान आणि खांद्यामधल्या स्नायूवर बोट ठेवायला सांगा. तो दगडासारखा झाला की तिथेच थांबा, पुढची उंची आज नको.

हात खाली आणताना बहुतेक जण चुकतात. पाणी हात वर धरतं, म्हणून तो जोराने दाबला जातो. छाती आणि पाठीचे मोठे स्नायू खांदा पुढे ओढतात आणि पात्याचं खालचं टोक बरगड्यांपासून मागे उचकतं. तळवा आडवा न ठेवता हाताची कड पुढे करून चार सेकंदांत आणा. दहा वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. ‘जोरात मारा, फायदा जास्त’ हा सल्ला पहिले दोन आठवडे अजिबात ऐकू नका: वेग दुप्पट झाला की पाण्याचा विरोध चौपट होतो.

मग भिंतीला छातीच्या उंचीवर तळवे टेका. कोपर न वाकवता छाती भिंतीकडे सोडा आणि पाठ मागे ढकला. दहाच्या दोन फेऱ्या. कोपर वाकलं तर तो नुसता जोर-बैठकांतला जोर झाला.

फ्रीस्टाइल पोहणं हा यावरचा उपाय नाही, त्यातही हात डोक्यावरूनच जातो. दुसऱ्या सकाळी खांदा ठणकला तर फेऱ्या निम्म्या करा. हात वजनाविरुद्ध सावकाश खाली सोडण्याची ताकद पाण्यात येत नाही; खांदा कानाकडे न चढता तीनही फेऱ्या जमल्या की ती जमिनीवर, अर्धा किलोपासून मिळवायची.