चिऱ्याची भिंत उभारताना

कोकणात जांभ्याचे चिरे, म्हणजे जांभा दगडाचे कापलेले ठोकळे, भार पेलणाऱ्या भिंतीलाही वापरतात आणि आरसीसी सांगाड्यातल्या (सळई-काँक्रीटच्या खांब-तुळयांमधली जागा भरणाऱ्या) भराव-भिंतीलाही. पहिल्या प्रकारात स्लॅबचा भार भिंतीवरच असतो, त्यामुळे अशा घरात पुढे खिडकी मोठी करायला भिंत फोडू नका.

खाणीतून नुकताच निघालेला चिरा ओला आणि मऊ असतो; हवेत सुकला की कठीण होतो. म्हणून निदान काही आठवडे आधी माल आणून मोकळ्या हवेत रचून ठेवा. उतरवून घेतानाच हातोडीने वाजवून पाहा. खणखणीत आवाज हवा. दबका आवाज येणारा, किंवा छिद्रांत पिवळी-पांढरी माती भरलेला चिरा बाजूला काढाच. पावसात ती माती धुऊन निघते आणि भिंत पाझरते.

जोत्यावर सुमारे ४० मिमी जाडीचा, वॉटरप्रूफिंग पावडर घातलेला काँक्रीटचा थर हवाच. तो नसेल तर ओल जमिनीतून वर चढते आणि आतला रंग सोलतो.

बांधण्याआधी चिरा भिजवा, नाहीतर तो मसाल्यातलं पाणी शोषतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. मसाल्याला सिमेंट-वाळू १:६ पुरते. उभे सांधे एकावर एक येऊ देऊ नका. भेग पहिली तिथेच पडते. उभ्या सांध्यात मसाला ठासून भरायला गवंडी अनेकदा टाळाटाळ करतात, तेव्हा समोर उभं राहून भरून घ्या. दिवसाला साधारण एक मीटरच उंची चढवा आणि सात दिवस पाणी मारा.