डिसेंबरची तयारी

लातूरहून जर्मनीतल्या ग्योटिंगेनला मास्टर्सला गेले तेव्हा माझी सगळी तयारी कागदांची होती. ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं, मग व्हिसा, आरोग्य विमा, गेल्या गेल्या करायची पत्त्याची नोंदणी. आता निघालेली मुलं फोन करतात तीही हेच विचारायला: खात्यात ११,९०४ युरो भरलेत, अजून काय लागेल? त्यांना मी डिसेंबरबद्दल सांगते.

ऑक्टोबर छान जातो. नवं गाव, नव्या ओळखी, मेन्सातली, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीतली गर्दी. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि भारताशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. मी संध्याकाळी सहाला खोलीवर पोचायचे तेव्हा घरी साडेदहा वाजलेले असायचे, आई पेंगत पेंगत बोलायची. डिसेंबरात चारच्या पुढे लगेच अंधार, रविवारी दुकानं बंद. अशाच एका रविवारी लक्षात आलं, की शुक्रवार दुपारपासून मी कुणाशी एक शब्दही बोललेले नाही. अभ्यास होत नव्हता, झोप मात्र संपत नव्हती. मला वाटलं, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

तसं नसतं, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. १९५५ मध्ये स्वेरे लुसगोर या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधी उत्साह, मग घसरण, मग हळूहळू सावरणं, असा क्रम त्याला दिसला. पुढच्या संशोधकांना तो सगळ्यांच्या बाबतीत दिसला नाही. काहींना पहिले दिवसच सगळ्यात जड जातात. पण घसरण येऊ शकते एवढं माहीत असलं तरी माणूस स्वतःला बोल लावत बसत नाही.

तिथल्या लोकांबद्दल माझा एक मोठा गैरसमज झाला. वर्गातल्या मुलीला म्हटलं, चल, कॉफी घेऊ. तिने डायरी काढली आणि दोन आठवड्यांनंतरचा गुरुवार दिला. मला ते टाळणंच वाटलं. आपल्याकडे ‘ये की कधीही’ म्हणतात, त्यात माया असते. तिथे टर्मिन, म्हणजे ठरलेली वेळ देतात, तेवढा वेळ तुमच्यासाठी राखून ठेवतात. त्या गुरुवारी ती पाच मिनिटं आधी येऊन बसली होती आणि दोन तास उठली नाही.

वर्गातलंही तसंच. सरांना मध्येच प्रश्न विचारणं मला उद्धटपणाचं वाटायचं, म्हणून मी गप्प राही. तिथे गप्प बसणारा वाचून आलेला नाही असं समजतात. माझ्या पहिल्या सादरीकरणात प्राध्यापकांनी दोन मुद्दे सरळ खोडून काढले. माझा चेहरा पडला. तेवढ्यात सगळ्यांनी बोटांच्या पेरांनी बाकं ठोकायला सुरुवात केली. तिथे टाळ्यांऐवजी असंच करतात. खोडले होते ते मुद्दे, मला कुणी खोडलं नव्हतं. हा फरक अंगवळणी पडायला मला एक अख्खं सेमिस्टर लागलं.

आपल्या लोकांविषयी दोन टोकाचे सल्ले मिळतील: त्यांच्यातच राहा, नाहीतर त्यांना टाळा. पहिले दोन महिने मी फक्त भारतीय ग्रुपमध्येच होते. जर्मन कानावरच पडत नव्हती. मग जर्मन सुधारायची म्हणून ग्रुप सोडला, तेव्हा तर खचलेच. दोन्ही लागतात. ताप आला तेव्हा मऊ भाताचा डबा घेऊन आली ती आपल्याच ग्रुपमधली नांदेडची ताई होती.

मदत मागायला मी उशीर केला. बहुतेक विद्यापीठांच्या गावांत स्टुडिरेंडेनवेर्कचं, म्हणजे वसतिगृहं आणि मेन्सा चालवणाऱ्या विद्यार्थी-सेवा संस्थेचं, विद्यार्थ्यांसाठी समुपदेशन असतं. ते गोपनीय असतं, त्याचा तुमच्या गुणपत्रिकेशी किंवा व्हिसाशी संबंध नसतो. वेळ मिळायला काही आठवडे लागू शकतात, म्हणून असह्य होईपर्यंत थांबू नका. समुपदेशकाने मला पहिल्याच भेटीत विचारलं, की आठवड्यात ठरलेल्या वेळी तुमची वाट पाहणारं कुणी आहे का? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच आठवड्यात मी सामायिक स्वयंपाकघरात मसुराची आमटी करत होते. जिऱ्याच्या फोडणीचा वास ओळखून शेजारच्या खोलीतली सीरियाची मुलगी बाहेर आली. तिच्या घरी लाल मसुराचं जिरं घातलेलं सूप करतात. आम्हा दोघींची जर्मन तोडकीमोडकीच होती, तरी बोलणं थांबेना. पुढच्या बुधवारी तिने सूप केलं. मग बुधवार ठरूनच गेला: संध्याकाळी सात, कुणीतरी एक स्वयंपाक करणार, बाकीच्यांनी भांडी घासायची. परीक्षेच्या दिवसांतही आम्ही तो मोडला नाही.

दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात आमच्या मजल्यावर एक नवा मुलगा आला होता. रोज सहाला खोलीत शिरायचा तो सकाळीच बाहेर दिसायचा. मी त्याचं दार वाजवलं आणि त्याला बुधवारची वेळ दिली.