टर्ब्युलन्स मॉडेल निवडताना या चुका टाळा

संगणकावर प्रवाह सोडवला (सीएफडी) आणि उत्तर प्रयोगाशी जुळलं नाही की पहिला हात जातो तो टर्ब्युलन्स मॉडेलच्या, म्हणजे खळबळत्या प्रवाहाचा परिणाम अंदाजानं धरणाऱ्या समीकरणांच्या, मेनूकडे. के-एप्सिलॉन नाही चाललं, एसएसटी लावू. तेही फसलं तर स्पालार्ट-अलमारास आहेच. याला निवड म्हणत नाहीत, चिठ्ठी काढणं म्हणतात. आणि बहुतेक वेळा घोळ मॉडेलचा नसतोच, भिंतीलगतच्या पहिल्या सेलचा, म्हणजे हिशेबासाठी पाडलेल्या जाळीतल्या (मेशमधल्या) पहिल्या घराचा असतो.

एक साधी केस घ्या. १ मीटर लांबीची सपाट पट्टी, हवेचा वेग २० मीटर प्रति सेकंद. रेनॉल्ड्स संख्या (प्रवाहाचं जडत्व आणि चिकटपणा यांचं गुणोत्तर) साधारण १३ लाख, घर्षण गुणांक ०.००३५ च्या आसपास, त्यावरून घर्षण वेग (भिंतीवरचं घर्षण वेगाच्या मापात) ०.८४ मीटर प्रति सेकंद. म्हणजे वाय-प्लस (घर्षण वेग आणि हवेचा चिकटपणा यांच्या मापात भिंतीपासूनचं अंतर) १ हवा असेल तर सेलचा मध्य भिंतीपासून ०.०१८ मिमीवर आणि सेलची उंची ०.०३६ मिमी. वॉल फंक्शन (भिंतीजवळचा प्रवाह न सोडवता सूत्रानं धरणं) वापरून वाय-प्लस ५० ठेवायचा असेल तर उंची १.८ मिमी. हा पाच मिनिटांचा हिशेब न करता मेश बनवायला बसू नये.

आता होतं काय? कोणीतरी १.८ मिमीपासून सुरुवात करतो. मेश इंडिपेंडन्स, म्हणजे मेश बारीक केला तरी उत्तर बदलत नाही हे, दाखवायचं म्हणून सगळे सेल निम्मे करतो, मग पुन्हा निम्मे. वाय-प्लस ५० वरून २५ आणि २५ वरून १२. म्हणजे पहिला सेल थेट बफर लेयरमध्ये, ५ ते ३० च्या मधे, जिथे वेग कसा वाढतो याचा भिंतीलगतचा सरळ रेषेचा नियमही लागू नाही आणि त्याबाहेरचा लॉगचाही नाही. मेश जितका बारीक तितका घर्षणाचा आकडा भरकटतो, आणि अहवालात लिहिलं जातं की ‘के-एप्सिलॉन भरवशाचं नाही’. मग त्याच मेशवर एसएसटी चालवतात, नशिबानं आकडा जवळ येतो आणि सगळे खूश. यावर उपाय म्हणजे वॉल फंक्शन वापरत असाल तर पहिल्या थराची उंची कायम ठेवून बाकीचा मेश बारीक करा. ते नको असेल तर पहिल्या रनपासूनच वाय-प्लस १ धरा. ‘सॉल्व्हरमध्ये ऑटोमॅटिक वॉल ट्रीटमेंट आहे ना’ हे उत्तर नेहमी ऐकू येतं, म्हणजे वाय-प्लस बघून भिंतीची पद्धत आपोआप बदलणारी सोय. त्यानं चूक सौम्य होते, माफ होत नाही. रन संपल्यावर वाय-प्लसची सरासरी नव्हे, पृष्ठभागावरचा नकाशा बघा.

त्यातच दुसरी गफलत थरांची. वरच्या पट्टीच्या शेवटी बाउंड्री लेयर (भिंतीमुळे मंदावलेल्या हवेचा थर) साधारण २२ मिमी जाड असते. ०.०३६ मिमीपासून १.२ च्या पटीनं वाढवत नेलं तर ती झाकायला २७ थर लागतात. घाईत दिलेले पाच थर ०.२७ मिमीवर संपतात. बाकीचा सगळा वेगाचा उतार जाडजूड सेलच्या हवाली.

प्रवाह भिंतीपासून सुटणार असेल तर साधं के-एप्सिलॉन नको, एवढं तरी पाळा. मागे उतरणाऱ्या पायरीची केस यासाठीच प्रसिद्ध आहे: ड्रायव्हर आणि सीगमिलर यांच्या १९८५ च्या प्रयोगात प्रवाह पायरीच्या उंचीच्या सुमारे ६.२६ पट अंतरावर पुन्हा चिकटतो, साधं के-एप्सिलॉन त्याला बराच आधी चिकटवतं. वाढत्या दाबात ते एडी व्हिस्कॉसिटी (भोवऱ्यांमुळे होणारी घुसळण दाखवणारा चिकटपणा) जास्त धरतं, म्हणून प्रवाह उगाच दमदार दिसतो. डिफ्युझरमध्ये (रुंदावत जाणाऱ्या मार्गात) हे जास्त महागात पडतं: एका बाजूनं १० अंश उघडणाऱ्या डिफ्युझरमध्ये प्रत्यक्षात प्रवाह सुटतो आणि पडद्यावर तो शहाण्यासारखा भिंत धरून चाललेला असतो. रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) १०⁻⁶ वर गेले म्हणून हे खरं ठरत नाही, फक्त चुकीची समीकरणं नीट सुटली एवढंच. संशोधक मेंटरनं १९९४ मध्ये एसएसटी मांडलं ते शिअर स्ट्रेसला (थरांमधल्या घसटीच्या ताणाला) मर्यादा घालून, नेमकं याच दुखण्यावर. म्हणून बाह्य प्रवाहाला सुरुवात एसएसटीनं करावी, मात्र वाय-प्लस १ च्या मेशवर.

बाकीच्या चुका थोडक्यात. इनलेटला (प्रवाह आत येतो तिथे) टर्ब्युलन्सची तीव्रता ५ टक्के डिफॉल्ट म्हणून सोडू नका. चांगल्या विंड टनेलमध्ये ती १ टक्क्याच्याही खाली असते. नळीत तीव्रतेसाठी ०.१६ गुणिले रेनॉल्ड्स संख्येचा उणे १/८ घात वापरा, एक लाखाला ३.८ टक्के येतात. नळीत रेनॉल्ड्स संख्या १५०० असताना, म्हणजे प्रवाह शांत थरांनी वाहत असताना, टर्ब्युलन्स मॉडेल लावलेलं दिसतं, तिथे बोलणंच खुंटतं. फर्स्ट ऑर्डर अपविंड या ढोबळ गणन-पद्धतीवर (स्कीमवर) दोन मॉडेल्सची तुलना करू नका, कारण फरक स्कीमच्या डिफ्युजनमध्ये, म्हणजे तिनं आणलेल्या खोट्या पसरटपणात, बुडतो. सायक्लोनसारख्या (धूळ वेगळी करणाऱ्या यंत्रातल्या) जोरदार भोवऱ्याला के-एप्सिलॉन किंवा एसएसटीसारखं दोन समीकरणांचं मॉडेल पुरत नाही, रेनॉल्ड्स स्ट्रेस मॉडेल घ्या, ते हट्टी असलं तरी. सिलिंडरमागे स्टेडी रनचे रेसिड्युअल डोलत राहिले तर रिलॅक्सेशन फॅक्टर (प्रत्येक फेरीत उत्तर किती बदलू द्यायचं तो आकडा) दाबत बसू नका. भोवरे सुटत असतात, ट्रान्झियंट (वेळेनुसार बदलणारा) रन चालवा. आणि टू-डी एलईएस (मोठे भोवरे थेट सोडवणारी पद्धत) करू नका. भोवऱ्यांचं ताणलं जाणं तिसऱ्या दिशेशिवाय होतच नाही.